खरेदी आधी, गाठीभेटी नंतर

भारतवारीचं वेळापत्रक आपण सगळेच थोड्याफार फरकाने सारखं आखतो. पोचल्यावर दोन दिवस झोपेचं गणित जुळवायचं, मग आजी-आजोबांकडे मुक्काम, मग मामा, आत्या, कुलदैवत, तारखा जुळल्या तर एखादं लग्न किंवा मुंज, आणि जमलंच तर कोकणात दोन दिवस. खरेदी राहते शेवटी. परतीच्या आधीचे तीन-चार दिवस हातात यादी घेऊन आपण लक्ष्मी रोडवर नाहीतर दादरला पळत असतो. मुलं कंटाळलेली, एखाद्याचं पोट बिघडलेलं, नवरा पार्किंग शोधतोय. त्या गर्दीत मुलांचे ‘ट्रॅडिशनल’ कपडे उरकले जातात, बॅगेच्या तळाशी जातात आणि उघडतात ते थेट महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. तोवर परकर घोट्याच्या वर गेलेला असतो.

आईबाबांनो, हा क्रम उलटा करा, एवढंच सांगायला आज बसले आहे. कपड्यांची खरेदी पहिल्या आठवड्यात करा आणि ते कपडे तिकडेच, साध्या दिवशी, मुलांना वापरू द्या.

मी न्यू जर्सीत राहते, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथे ओक ट्री रोडवर गेलं की साड्या, घागरे, कुर्ते, मोजड्या, सगळं हाताशी आहे. मागवायचं म्हटलं तर पैठणीसुद्धा घरपोच येते. नुसते कपडेच हवे असतील तर त्यासाठी भारतातला एकही दिवस खर्ची घालायची गरज उरलेली नाही. इथे जे मिळत नाही ते निराळं आहे. माप घेणारा शिंपी, मागावर बसलेला विणकर, ‘हे नको घेऊस, काकूबाई दिसशील’ असं तोंडावर सांगणारी चुलतबहीण, आणि ते कपडे घालून फिरायला एक अख्खं गाव. यातलं काहीच शेवटच्या तीन दिवसांत कोंबून होत नाही.

आधी शिंप्याचं बोलू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आपल्या सुट्ट्या साधारण दोन वेळा पडतात. डिसेंबरच्या अखेरीस गेलात तर लग्नसराई असते. बऱ्या शिंप्याकडे ब्लाउजांचे ढीग पडलेले असतात आणि तो तुमच्या मुलीच्या परकराकडे बघायलाही तयार नसतो. जून-जुलैत गेलात तर पावसाचा चिकचिकाट असतो खरा, पण आषाढात लग्नं फारशी नसतात, दुकानांत आषाढ सेल लागलेले असतात आणि मास्तर जरा मोकळे असतात. श्रावण लागला की मंगळागौर आणि पाठोपाठ गौरी-गणपतीची कामं सुरू झालीच. कुठल्याही मोसमात कापड घेणं, सुती असेल तर ते एकदा पाण्यातून काढणं, माप, शिलाई, घालून बघणं, मग काखेत काचतंय म्हणून पुन्हा दुरुस्ती, यात आठ-दहा दिवस सहज जातात. शिवाय ‘परवा या’ म्हणजे नक्की कधी, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. पहिल्या आठवड्यात कापड शिंप्याकडे पडलं असेल तर या ‘परवा’ला हसता येतं. विमानाच्या आदल्या दिवशी येत नाही.

शिंप्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवा आणि परकराच्या किंवा घेराच्या खाली आतून दुमड घाला. म्हणजे पुढच्या वर्षी इथे घरच्या घरी उसवून वाढवता येतं. आणि अस्तर सुती लावा. मुलं ‘टोचतंय’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते नखरे नसतात, जरीची उलटी बाजू खरंच टोचत असते. ज्या मुलांना कॉलरमागची पट्टीसुद्धा सहन होत नाही अशांना भरजरी कुर्त्यात चार तास बसवणं हा छळ आहे. तयार कपडे घ्यायचे असतील तर मुलांचे आकडे २४, २६, २८ असे असतात. दुकानदार आधी वय विचारतो आणि वयावरून काढून देतो. त्याला वय सांगूच नका, मूल पुढे उभं करा.

आता जरा अवघड जागी येते. ही हौस नक्की कुणाची?

दिवाळीत खणाचं परकर-पोलकं घालून वाड्यात मिरवलेल्या पिढीतल्या आपण. ते पोलकं, त्याचा तो करकरीत वास, हातात रांगोळीची वाटी, हे सगळं आपल्याला लेकीच्या अंगावर पुन्हा बघायचं असतं. त्यात वावगं काही नाही. आईबापांना हौस असणारच, आणि ती तशी सांगितली तर मुलांना कळतेही. ‘मला तुला यात बघायचंय, माझ्यासाठी एकदा घाल’ हे सरळ वाक्य आहे. पण आपण तसं म्हणत नाही. ‘ही आपली संस्कृती आहे’ म्हणतो. मग दहा वर्षांच्या मुलाला वाटतं की कॉलर टोचते असं म्हटलं तर आपण संस्कृतीच्या विरोधात गेलो. एका कुर्त्यावर एवढं ओझं टाकू नये. हौस आपली असेल तर तसं सांगावं, आणि एक जोड आपल्या हौसेचा, एक त्यांच्या पसंतीचा, असा व्यवहार ठरवून टाकावा. मुलं व्यवहाराला पक्की असतात.

आपल्या मुलांनी हे कपडे बघितलेले असतात ते फक्त कार्यक्रमात. मंडळाचा गणपती, पाडव्याची शोभायात्रा, शाळेतला ‘हेरिटेज डे’. नटायचं, स्टेजवर जायचं, फोटो, आणि गाडीत बसल्या बसल्या बदलायचं. त्यांच्या लेखी हा वेष झाला, कपडे नव्हेत. तिकडे गेल्यावर ती बघतात की साडी नेसून बाई स्कूटर चालवते, बँकेत काउंटरवर बसते, पावसात साडी वर खोचून भाजी घेते. आजी नऊवारीत नसेलही आता, गाऊनवर ओढणी घेऊन दार उघडत असेल. तेही बघू द्या. कपडा हा वापरायचा असतो, मळतो, धुतला जातो, विटतो, हे मुलांना समजावं लागत नाही, दिसलं की पुरतं. म्हणून म्हणते, नवा कुर्ता घडी मोडून दुसऱ्याच दिवशी घालू द्या. त्यावर आमरस सांडला तर सांडू दे.

इथे एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. आपण मुलांना नटवून नातेवाइकांकडे नेतो, आणि तिकडची भावंडं हाफ पँट आणि टी-शर्टमध्ये दार उघडतात. आपली लेक जरीच्या परकरात, आणि तिची बरोबरीची चुलतबहीण फाटक्या जीन्समध्ये. दोघी एकमेकींकडे बघतात आणि आपल्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला वाटतं, आईने मला फसवलं. खरी मराठी मुलं असे कपडे घालतच नाहीत.

त्यावर एकच उपाय चालतो: खरेदीला ती चुलतबहीणच बरोबर न्यायची. आपण, आत्या, मावशी आणि आजी अशी चौघींची फौज एका तेरा वर्षांच्या मुलीबरोबर दुकानात गेली की तिचं काही चालत नाही. त्याऐवजी दोघी बहिणींना पुढे जाऊ द्या, तुम्ही पैसे आणि पिशव्या घेऊन मागे राहा. तिकडच्या पोरींना बरोबर ठाऊक असतं, कॉलेजला खणाचा कुर्ता जीन्सवर कसा चालतो, इरकलीची ओढणी कशावर घ्यायची, ऑक्सिडाइज्ड झुमके तुळशीबागेत कुठल्या बोळात बरे मिळतात. आपण मायदेश सोडला तेव्हाची फॅशन आपल्या डोक्यात गोठलेली असते. ती पुण्यात आता कुणाच्याच अंगावर दिसत नाही.

दुकानातली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कपडे घेणं म्हणजे अंग दाखवणं, मोजणं, त्यावर बोलणं. आणि आपल्याकडे त्यावर बोलायला कुणी मागेपुढे पाहत नाही. ‘बाळसं चांगलंय हो’, ‘जरा सावळी आहे, हा रंग नको, उठून दिसणार नाही’, ‘अगं केवढी उंच, हिला नवरा कुठून शोधायचा’. विक्रेता बोलतो, मावशी बोलते, शेजारी साडी बघत बसलेल्या अनोळखी काकूही बोलतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. आपण त्यातच वाढलो, म्हणून आपल्याला ते ऐकूही येत नाही. आपल्या मुलांना येतं. त्यांचं मराठी कच्चं असतं असं आपण म्हणतो, पण ‘जाडी’ आणि ‘काळी’ हे शब्द त्यांना न शिकवता समजतात, आणि परत आल्यावर वर्षभर ती तो रंग घालत नाहीत.

अशा वेळी मुलीला नंतर घरी समजावण्यापेक्षा तिथल्या तिथे, तिच्यासमोर बोला. भांडायला नको. ‘दादा, तिला आवडलाय ना रंग, तोच काढा’ एवढं पुरतं. मोठ्या बहिणीच्या नात्याने मावशीला आदल्या रात्री फोनवर सांगून ठेवा: दुकानात हिच्या अंगावरून, रंगावरून बोलू नका हं, बाकी काय बोलायचं ते बोला. मावशा ऐकतात. निदान अर्ध्या तरी ऐकतात.

मापाचंही तसंच. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला शिंपीकाकांनी टेप लावणं तिला नको वाटू शकतं, आणि ती संकोचाने काही बोलत नाही. माप घेणारी बाई मिळते का बघा; पेठापेठांतून घरी शिवणाऱ्या बायका असतात, आणि त्या पुष्कळदा दुकानापेक्षा नीट शिवतात. ते जमत नसेल तर नीट बसणारा एखादा कपडा मापाला द्या. पुष्कळ जुन्या दुकानांत कपडे घालून बघायला जागाच नसते, ‘वरूनच लावून बघा की’ म्हणतात. आत बनियन किंवा स्लिप घालून गेलं की ही अडचण निम्मी होते. आणि ‘नको’ म्हटलं तर नको. मुलगा असो, मुलगी असो. तुमच्या लेकीला मुलांच्या विभागातला कुर्ता आवडला तर तो घ्या. त्यात खिसेही असतात.

आता कापडाकडे वळू. दुकानाच्या आधी माग दाखवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. शिर्डीला जाणारे पुष्कळ जण असतात. तिथून येवला ३० किलोमीटरच्या आसपास आहे. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे असतात. छत्रपती संभाजीनगरहून पैठण ५० किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे नाथांची समाधी, जायकवाडीचं धरण आणि सरकारी पैठणी केंद्र एकाच दिवसात होतं. येवल्यात तर घराघरात माग आहेत. विणकराच्या हातातल्या एवढ्या एवढ्या रंगीत कांड्या ताण्याच्या धाग्यांतून एकेक करून फिरताना बघितल्या की मोबाइलवरची मुलंसुद्धा मान वर करतात. पदरावरचा मोर सुईने भरलेला नसतो, छापलेला नसतो, तो कापडाबरोबरच विणला जातो, ही गोष्ट आपल्यातल्या कितीतरी मोठ्यांना माहीत नसते. साधी पैठणी विणायलाही महिना-दीड महिना लागतो, भरगच्च पदराची असेल तर वर्षही जातं. ते बघून आलेलं मूल दुकानात किंमत ऐकल्यावर ‘एवढे?’ म्हणत नाही.

आणि ते बघून आलेलं मूल पदर उलटा करून बघायला लागतं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट-सुलट जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात नाहीतर कापून टाकलेले असतात. ही तपासणी आठ वर्षांच्या पोरालाही जमते, आणि एकदा शिकवली की ते दुकानातली प्रत्येक साडी उलटी करायला लागतं. विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू द्या. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने बाजारातली ‘सेमी’ पैठणी, म्हणजे ही यंत्रमागावरची नक्कल, थांबलेली नाही. मोठ्या मुलांना दोन खुणा दाखवून ठेवा. सिल्क मार्क सांगतो की रेशीम अस्सल आहे, आणि हँडलूम मार्क सांगतो की कापड हातमागाचं आहे. पहिला असला म्हणजे दुसरं आपोआप ठरत नाही. शुद्ध रेशमाची साडी यंत्रावर विणलेलीही असू शकते.

एवढं सांगून लगेच उलटं बोलते: वाढत्या मुलीसाठी हातमागाची पैठणी घेऊ नका. सहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक शिवायला महिनाभर विणलेल्या कापडाला कात्री लावणं मला पटत नाही. दोन वर्षांत तो फ्रॉक तिला होणार नाही, धाकटीला आवडणार नाही, आणि मग तो टाकवतही नाही. तिला ‘सेमी’ घ्या, बिनदिक्कत, पण ‘सेमी’ म्हणूनच घ्या, सेमीच्या भावात घ्या. अस्सल पैठणी ती मागेल तेव्हा, तिच्या पसंतीने. कदाचित कधीच मागणार नाही.

लहानांसाठी खणाला तोड नाही. अंगाला बरा लागतो, रंग भडक असूनही एकमेकांत भांडत नाहीत, आणि परकर-पोलक्यापासून जॅकेटपर्यंत काहीही होतं. एक बघून घ्या: हल्ली खणाच्या नावाखाली पॉलिस्टर फार येतं. हात लावला की निसरडं, गार लागतं आणि अंगात घातलं की घामाने चिकटतं. सुती मागा. मूळ खण विणला जातो तो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. इरकल त्याच जिल्ह्यातल्या इळकलची. नारायणपेठ तेलंगणात. महेश्वरी मध्य प्रदेशातली, अहिल्याबाई होळकरांनी विणकरांना आसरा दिला त्या महेश्वरची. मराठी घरातल्या कपाटात ‘आपलं’ म्हणून जे जपलेलं असतं त्यातलं पुष्कळसं असं सरहद्दीपलीकडून आलेलं आहे. विदर्भातली करवती काठाची टसर, येवला-पैठणची पैठणी हे अगदी इथल्या मातीतलं. पण मिरवताना आपण कधी भेद केला नाही. ‘मी नक्की कुठली?’ हा प्रश्न ज्या मुलांना शाळेत रोज पडतो, त्यांना मी ही कपाटाची गोष्ट हटकून सांगते.

कपाटावरून आठवलं. दुकानात शिरण्याआधी आजीचं कपाट उघडायला सांगा. सगळ्यात सुरेख कापड तिथे असतं, आणि फुकट असतं. धुऊन धुऊन मऊ पडलेली इरकल, काठ शाबूत पण मधे विरलेली नारायणपेठ, कुणाच्या तरी बारशाला आलेली आणि एकदाही न नेसलेली. आजीला त्या साड्यांचं काय करायचं हा प्रश्न पडलेलाच असतो. पूर्वी बोहारणीला दिल्या की भांडं तरी मिळायचं. त्यातून नातीचा घेरदार परकर होतो, नातवाच्या कुर्त्याला काठाची पट्टी होते, नुसती ओढणी तर दहा मिनिटांत. पण कात्री आजीच्या हातून लागू द्या, किंवा निदान तिच्यासमोर. काही साड्या ती देणार नाही, त्यांना हात लावू नका. आणि एक व्यवहाराचं: जुनं रेशीम घडीवर फाटतं, म्हणून आधी उजेडात धरून बघा, घडीवरच्या रेघा विरल्या असतील तर तो भाग वगळूनच कापड काढायला सांगा. साडी कुणाची, कधीची, कुणी दिलेली, हे आजी बोलत असताना फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. मुलं आज ऐकणार नाहीत.

मुलग्यांचं काय, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. मुलग्यांना आपण वाऱ्यावर सोडतो हे खरं आहे. मुलीच्या खरेदीला दोन दिवस आणि मुलाला बाहेर पडता पडता एक चकचकीत शेरवानी. बाजारात शेरवानी, जोधपुरी, धोतीच्या आकाराच्या पँटी, सगळी लग्नाच्या सिनेमातली मिरवणूक आहे. त्याऐवजी दोन सुती कुर्ते, एक उपरणं आणि इलॅस्टिकचं शिवलेलं धोतर घ्या. इलॅस्टिकची लाज वाटायला नको. आरतीच्या मधे सुटणाऱ्या धोतरापेक्षा ते कितीतरी बरं. पुणेरी पगडी मुलांना फार आवडते, आणि २००९ मध्ये तिलाही भौगोलिक मानांकन मिळालंय हे सांगितलं की जास्तच. तयार फेटा मात्र घेऊ नका. फेट्याचं कापड घ्या आणि ज्याला बांधता येतो अशा काकांना गाठून मुलाला बांधायला शिकवा. इथल्या मंडळात फेटा बांधता येणारा मुलगा गणपतीच्या दिवशी सगळ्यांना हवा असतो, त्याला घरातून ओढून न्यावं लागत नाही.

थोराड पोरगा कशालाच हात लावत नसेल तर कोल्हापुरी चपलांपासून सुरुवात करा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने हुबेहूब तशाच चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा त्यांना भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये या चपलेचं मानांकन मिळालेलं आहे. ही हकिगत सोळा वर्षांच्या मुलाला सांगा आणि मग कोल्हापूरला महाद्वार रोडवर न्या. चपला तो स्वतः निवडेल. पहिले आठ दिवस त्या चावतात. पहिल्या आठवड्यात खरेदी करण्याचं हे आणखी एक कारण.

पैशांबद्दल थोडं. प्रत्येक मुलाला एका पाकिटात रोख रुपये द्या आणि सांगा, यातून तुझे कपडे. उरले तर तुझे. डॉलरमध्ये गुणाकार-भागाकार करून ‘स्वस्त आहे, घे’ असं सारखं म्हणू नका. मुलं ते ऐकतात आणि त्यांना सगळा देशच स्वस्त वाटायला लागतो. नोट उलटी करून तिच्यावरच्या भाषांच्या पट्टीतली मराठी ओळ शोधायला लावा. तिथे देवनागरीत कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही आहेत, त्यामुळे वाटतं तितकं सोपं नाही. भाव करण्याचा नियम आमच्या घरी साधा आहे. तुळशीबागेत, फेरीवाल्याकडे हसतखेळत करायचा; ‘एकच भाव’ अशी पाटी असेल तिथे नाही; आणि जिथे माग घरात आहे त्या घरात तर अजिबात नाही. मुलांना भाव करायची लाज वाटते, आपल्याला न करण्याची. दोघांनी थोडं थोडं सोडावं.

डिसेंबरात पुण्यात असाल तर भीमथडी जत्रेत एक चक्कर मारा, बचत गटांच्या बायका स्वतः विकायला बसलेल्या असतात आणि मुलांना त्यांच्याशी मोडकं मराठी बोलायला संकोच वाटत नाही. मोठ्या दुकानातला विक्रेता मुलांचं इंग्रजी ऐकलं की लगेच इंग्रजी सुरू करतो. जत्रेतली मावशी तसं करत नाही. जुने कपडे, दागिने, रोजच्या वापरातल्या वस्तू एका जागी बघायच्या असतील तर बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय लक्ष्मी रोडपासून चालत जाण्याजोगं आहे. खरेदीच्या मधे तासभर काढा, पाय मोकळे होतात.

बॅगेची काळजी नको. मुलांनी तिकडे तीन आठवडे वापरलेले कपडे नवे राहिलेले नसतात, घडीघडीत टिश्यू पेपर घालून जपावे लागत नाहीत, चुरगाळून कुठेही बसतात. काही तर तिकडेच राहतील, भावंडांना देऊन टाकलेले. तेही हिशेबात धरा.

आणि आता लगेच करता येण्याजोगं एक काम. पुढच्या वारीची तिकिटं काढलीत की वहिनीला किंवा बहिणीला फोन करून घराजवळच्या शिंप्याकडे पोचल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वेळ घेऊन ठेवायला सांगा. मुलांची मापं मात्र इथून कळवू नका. ती तिथे, मुलांना विचारून घ्या.